दत्ताभाऊंचा गेमचा डबा

दत्ताभाऊ कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघतात. घरधनी "बसा, बसा" म्हणत असतो, आतून पाण्याचा तांब्या आलेला असतो, आणि दत्ताभाऊ खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ती मागे-पुढे करत असतात. मग मान किंचित कलती करून ते म्हणतात, "हालतीय." हे ते अशा आवाजात सांगतात की डॉक्टरनं छातीला नळी लावून काहीतरी नको ते ऐकलंय असं समोरच्याला वाटावं. एवढं झाल्यावर ते खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतात. इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं तिथं यांचा स्क्रू ड्रायव्हर असतो. आमच्या बँकेत ते एकदा पैसे काढायला आले, शेजारच्या म्हातारबाबांनी स्लिप भरायला पेन मागितलं, तर यांनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला आणि म्हातारबाबांनीही तो घेऊन बराच वेळ कागदावर चालतोय का ते पाहिलं.

पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ वारले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. सगळे खाली माना घालून बसलेले. थोड्या वेळानं माझ्या शेजारी दत्ताभाऊ नाहीत असं माझ्या लक्षात आलं. ते बाकाखाली होते. गेलेल्या गृहस्थांचा मुलगा वाकून म्हणाला, "काका, काय हरवलं का?" खालून आवाज आला, "न्हाई, तुमी चालू द्या. पाय ढिला हाय, एवढी माणसं बसल्यात." पुढे कितीतरी दिवस तो मुलगा मला भेटला की आधी बाकाचा विषय काढायचा आणि मग वडिलांचा.

भोरला आमची घरं लागून आहेत, मधे छातीएवढी भिंत. दत्ताभाऊ मूळचे वेल्ह्याकडचे, पासलीचे. नोकरी भाटघरला, धरणावरच्या ऑफिसात. मी बँकेत साधा कारकून आहे, पण काउंटरच्या आत बसतो म्हणून ते मला साहेब म्हणतात. त्यांच्या पत्नी रेखावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि घरातही हजेरी घेतल्यासारख्या नीट बोलतात. दोन मुलं. मोठी सई, तेव्हा दहावीला. धाकटा ओम, चौथीला.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी दत्ताभाऊ भिंतीपाशी आले. कोपर टेकायच्या आधी भिंतही हलवून पाहिली असावी.

"साहेब," ते म्हणाले, "घरात चार माणसं हायेत, पर आवाज निस्ता कुकरचा येतो."

"का? काय झालं?"

"काय न्हाई. ही मोबाईलात, सई मोबाईलात, ओम तिच्या मोबाईलात. मी बी मग माझ्यात बघत बसतो. माझ्यात काय येत न्हाई, तरी बघतो."

सई तर त्या वर्षी पुरती मिटून गेली होती. लहानपणी ही मुलगी बापाच्या खांद्यावरून उतरायची नाही. आता हो, नाही आणि माहीत नाही एवढ्या तीन शब्दांवर तिचं भागत होतं. दत्ताभाऊ आपल्या परीनं प्रयत्न करत. ते तिच्यासमोर स्टूल ओढून बसायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "मग? बरं चाललंय ना?" तपासणीला आलेला साहेब विचारतो तसं. सई म्हणायची, "हो." मग काय बोलायचं ते न सुचून दत्ताभाऊ तिचं टेबल हलवून बघायचे. ती पुस्तक उचलून आत जायची.

"माझ्याशी ती कंडक्टरशी बोलल्यागत बोलती," ते मला म्हणाले. "तिकिटापुरतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही दोघं त्यांच्या मोटारसायकलवरून पुण्याला निघालो होतो. कापूरहोळला चहाला थांबलो. ढाब्याच्या मागे हात धुवायला गेलेले दत्ताभाऊ परत येईनात, म्हणून बघायला गेलो. पत्र्याच्या शेडखाली, टायरांच्या आणि फुटक्या बॅटऱ्यांच्या गर्दीत, माणसाच्या उंचीचा एक लाकडी डबा उभा होता. पूर्वी गावोगावच्या पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम असायचे, तसला. काच गेलेली, आतली मशीन गेलेली, दांडा मोडलेला. जिथं टीव्ही असायचा त्या खोबणीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. दत्ताभाऊ तिच्या समोर उभे राहून दोन्ही हात बटणांच्या भोकांवर ठेवून तिच्याकडं बघत होते, आणि कोंबडी त्यांच्याकडं.

"साहेब," वळून न बघता ते म्हणाले, "हा हितं एक माणूस उभा ऱ्हायचा. आन् हितं एक. खांद्याला खांदा."

ढाब्याचा मालक आला. दत्ताभाऊंनी डबा विकत मागितला. मालक म्हणाला, "दिला असता हो. पण तिला आता उठवता येत न्हाई. पिल्लं निघूस्तवर थांबा."

दत्ताभाऊंना ते पटलं. पण थांबवेना. त्यांनी टेप काढला आणि मापं घ्यायला सुरुवात केली. उंची, रुंदी, बटणांच्या फळीचा उतार. टीव्हीच्या खोबणीचं माप घ्यायला टेप आत गेला तेव्हा कोंबडीनं त्यांचं मनगट फोडलं. रुमाल बांधून त्यांनी पुन्हा टेप घातला. पुण्याचं काम त्या दिवशी राहिलंच. तिथूनच मागे फिरलो.

"घरीच करतो," येताना वाऱ्यात ओरडून ते मला सांगत होते. "पोरांसाठी. दोघांनी खेळायचा. एकट्याचा खेळ घरात हायेच की, प्रत्येकाच्या हातात."

रेखावहिनींनी हे ऐकलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्या थांबल्या नाहीत, फक्त थापेचा आवाज वाढला. "लोकांच्या घरात दहावीचं मूल असलं की टीव्हीचं कनेक्शन काढतात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पार्लर उघडतायत."

"परीक्षा झाल्यावर चालू करायचा," दत्ताभाऊ म्हणाले. "तोवर निस्तं लाकूडकाम."

आधी त्यांनी फ्रिजच्या खोक्याचा नमुना केला. पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून अख्खा डबा अंगणात उभा केला. त्यावर खडूनं बटणांचे गोल काढले आणि दांड्याच्या जागी लाटणं खोवलं. मग रोज ऑफिसातून आल्यावर ते त्या पुठ्ठ्यासमोर उभे राहायचे आणि खडूचे गोल दाबायचे. मनगट दुखतंय का, खांदे चढतात का, ते बघायला. रस्त्यावरून जाणारे लोक थांबत. एका बाईंनी रेखावहिनींना हळूच विचारलं, "भाऊंचं ऑफिसात काही झालंय का?" वहिनी म्हणाल्या, "ऑफिसात काही नाही. जे आहे ते घरीच आहे."

ओमला मात्र खरा गेम आल्याचाच आनंद होता. तो बापाच्या शेजारी उभा राहून तोंडानं गोळ्यांचे आवाज काढायचा आणि मेला की खाली पडायचा. एकदा मीही खेळलो. मी जिंकलो असं ओमनं सांगितलं.

मग प्लायवूड आलं. दोन बाजूंच्या फळ्या कापायला दत्ताभाऊंनी जे काही आठवडे लावले, त्यात आमच्या घरात बुरशीसारखा भुसा साचला. बटणं आणि दांडे ऑनलाइन मागवले. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर आला, त्यात सगळे गेम बसतात असं त्यांनी मला सांगितलं, पण स्वतः त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. तो सारखा हातात घेऊन, उलटा करून, कानाशी हलवून बघायचे. पडद्यासाठी एक जुना मॉनिटर मिळाला. तारा जोडल्या तेव्हा दांडा वर केला की विमान खाली जायचं. सगळ्या तारा सोडून पुन्हा जोडल्या, तर विमान वर जायला लागलं, पण डावीकडं वळायचं सोडून गोळ्या मारायला लागलं. सई आतल्या खोलीच्या दारात उभी राहून हे बघत होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "दोन नंबर आणि पाच नंबरची वायर बदला." आणि आत गेली.

दत्ताभाऊंनी बदलली. विमान डावीकडं वळलं. ते मला भिंतीपाशी येऊन सांगत होते, "अख्खं वाक्य बोलली, साहेब." वायरीबद्दल एक शब्द नाही.

रंगाला डबा टेम्पोत घालून कापूरहोळला गेला, ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडे. वहिनींनी आकाशी रंग सांगितला होता, साधा, एकरंगी. पेंटरनं आकाशी दिला, पण साधं काही ठेवणं त्याच्या हाताला जमेना. दोन्ही बाजूंना दोन मोर आले. पाठीमागे कमळ आलं. आणि वर, जिथं गेमचं नाव असतं तिथं, मोठ्या लाल अक्षरांत 'आई-वडिलांची कृपा'. दत्ताभाऊंनी विचारलं, हे कशाला? पेंटर म्हणाला, "माझ्याकडनं कुठलीबी गाडी त्याबिगर जात न्हाई. पुढं काय झालं तर माझ्या जिवाला घोर."

"ही गाडी न्हाई."

"आमाला सगळी गाडीच असती, भाऊ."

सईचा शेवटचा पेपर झाला आणि डबा घरात आला. नारळ फोडला. ओमनं हळद-कुंकू लावलं, तेही थेट पडद्याला. आणि मग दत्ताभाऊंनी, ज्यांनी अख्ख्या भोर तालुक्यातल्या खुर्च्या तपासल्यात त्या दत्ताभाऊंनी, सवयीनं डब्याला हात लावून तो हलवला. डबा हलला.

त्यांनी डबा आडवा केला, पाय तासले, उभा केला. हलला. पुन्हा तासले. मी म्हटलं, "दत्ताभाऊ, खाली पुठ्ठ्याची घडी घालू या ना." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी चहाचा कप ठेवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी ठोकण्याचे आवाज ऐकून गेलो, तर त्यांनी त्या कोपऱ्यातली फरशीच उखडली होती. दोष डब्याचा नव्हता, जमिनीचा होता, हे सिद्ध झाल्यावरच त्यांना जेवण गेलं. वहिनी म्हणाल्या, "परीक्षा पोरीची होती, उतरलं तोंड यांचं."

डबा चालू झाला आणि सुट्टीत आळीतली सगळी पोरं त्यांच्या घरी लोटली. मोबाईल सुटले असं मी म्हणणार नाही. पण दत्ताभाऊंच्या घरातून आता कुकरशिवाय दुसरे आवाज येऊ लागले. भांडणाचे जास्त.

सई मात्र पोरं असताना बाहेर यायची नाही. दुपारी घर रिकामं झालं की ती येऊन डब्यासमोर उभी राहायची आणि एकटीच खेळायची. एकदा दत्ताभाऊ सुट्टीवर होते, ते शेजारच्या दांड्यापाशी जाऊन उभे राहिले. तिनं नको म्हटलं नाही. ते इतके वाईट खेळायचे की पहिल्या मिनिटातच मरायचे. सई म्हणायची, "पप्पा, दाबून धरायचं नसतं. सोडायचं, दाबायचं." एवढंच. पण मग रोज दुपारी ते भाटघरहून जेवायला घरी येऊ लागले. आधी कधी येत नव्हते, जेवणाचा डबा न्यायचे.

निकाल लागला. सईला चांगले मार्क पडले. पेढे वाटले. तिनं अकरावीला पुण्याला आत्याकडे राहायचं हे वर्षभर आधीच ठरलेलं होतं. दत्ताभाऊंच्या बहिणीनं खोली आवरून ठेवली होती, क्लासचीही चौकशी केली होती. आम्ही सगळे सईला सांगत होतो की नशीबवान आहेस. ती हो म्हणत होती.

आज सई भोरच्याच कॉलेजात आहे. आत्या दत्ताभाऊंशी अजून धड बोलत नाही, आणि आळीत ज्याला त्याला वाटतं की पोरीच्या बाबतीत बापानं ऐनवेळी कच खाल्ली. हे कसं ठरलं ते मला माहीत आहे, कारण त्या दुपारी मी तिथं होतो.

माझी शिडी त्यांच्याकडे होती, ती आणायला गेलो होतो. वहिनी ओमला घेऊन माहेरी गेल्या होत्या. दार उघडंच होतं. बापलेक पाठमोरे, खांद्याला खांदा लावून खेळत होते. दत्ताभाऊंनी मान न वळवता "बसा साहेब, एवढा डाव होऊ द्या" म्हटलं, म्हणून मी मागच्या कॉटवर बसलो. पडद्यावर दोन विमानं आणि वरून येणाऱ्या काळ्या ठिपक्यांची गर्दी.

"डावीकडचे तुम्ही घ्या," सई म्हणाली.

"घेतो."

थोडा वेळ नुसती बटणं वाजत होती.

"मला आत्याकडं नाही जायचं," सई म्हणाली. आवाज तोच, डावीकडचे तुम्ही घ्या म्हणणारा.

मला वाटलं दत्ताभाऊ आता वळतील. ते वळले नाहीत. बटणं वाजत राहिली.

"का गं?"

"माहीत नाही." मग काही वेळानं, "तिथं मी कुणाचीच नाही. आत्या चांगली आहे. पण मला पाणी पिताना पण विचारावं लागेल असं वाटतं."

"हं," दत्ताभाऊ म्हणाले. "उजवीकडनं आला बघ."

तिनं तो मारला.

"मी बी म्हणलो होतो," दत्ताभाऊ म्हणाले. "न्हाई जायचं म्हणून."

"कुठं?"

"हितं. भोरला. चुलत्याकडं ठेवणार हुते शाळंला. मी तवा ओमएवढा. भाताची लावणी चालली हुती आमच्या खाचरात. मी आन् माझा बाप शेजारी शेजारी वाकून रोपं लावत हुतो. तसं आमी कधी बोलायचो न्हाई. घरात त्यो समोर आला की माझी बोबडी वळायची. पर चिखलात वाकलं की तोंड दिसत न्हाई ना एकमेकाचं. तवा बोलायचो. तवा म्या बापाला म्हणलं, दादा, मला न्हाई जायचं."

पडद्यावर ठिपके वाढले होते. सईचं विमान एकटंच इकडून तिकडं पळत होतं. दत्ताभाऊंचा अंगठा बटणावर तसाच ठेवलेला होता.

"मग? आजोबा काय म्हणाले?"

"काय न्हाई. त्यांनी पुढची मूठ घेतली रोपाची."

"काहीच नाही?"

"न्हाई. म्या वाट बघितली. बांधापातूर. मग वाटलं ऐकू गेलं नसंल. पर परत म्हणायचं धाडस झालं न्हाई. लावणी सरली आन् यस्टीत बसवलं."

सई ठिपके चुकवत राहिली.

"त्यांचं चुकलं असं न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले. "पाठवलं म्हणून शिकलो. तिथं ऱ्हायलो असतो तर हे काय नसतं. पर माझं ऐकू आलं का न्हाई, तेवढं तरी..." ते थांबले. मग म्हणाले, "तुझं आलं मला ऐकू. जायचं आसंल तर जा. न्हाई म्हणलीस तर हितं बी कॉलेज हाय. आत्याचं मी बघतो. आईचं बी."

सईनं नाक ओढलं. हात पुसायला मोकळा नव्हता, म्हणून तिनं गाल खांद्याला पुसला, आणि तो खांदा बापाच्या दंडाला लागलेला होता.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही केव्हाचे मेलाय."

दत्ताभाऊंनी पडद्याकडं पाहिलं. त्यांचं विमान खरंच नव्हतं.

"असू दे," ते म्हणाले. "तू खेळ. मी हितंच उभा हाय."

मी शिडी न घेताच बाहेर आलो.